'इस्ट्रस' : एका प्रजननशास्त्रीय संज्ञेचा अर्थ, उगम आणि प्रवास

गोषवारा

सस्तन प्राण्यांच्या प्रजननशास्त्रात 'इस्ट्रस' ही संज्ञा पायाभूत मानली जाते. मादी नराचा स्वीकार करण्यास सिद्ध असते तो मर्यादित काळ, असा तिचा रूढ अर्थ आहे. गुरांना सतावणाऱ्या माशीच्या ग्रीक नावापासून हा शब्द निघाला, उन्माद या अर्थाने तो साहित्यात वावरला आणि १९०० साली वॉल्टर हीप या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याला काटेकोर शास्त्रीय आशय दिला. पुढे 'इस्ट्रोजेन' या संप्रेरकाच्या नावातून तो वैद्यकाच्या नित्य व्यवहारात आला. प्रस्तुत निबंधात या प्रवासाचा आढावा घेतला असून, प्राण्यांचा माज आणि स्त्रियांची मासिक पाळी यांची गल्लत झाल्यामुळे निर्माण झालेल्या वैद्यकीय प्रमादाचे आणि 'माज', 'मद', 'ऋतू' या मराठी पर्यायांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : इस्ट्रस, माज, मदचक्र, मासिक पाळी, इस्ट्रोजेन, वॉल्टर हीप, परिभाषा.

१. प्रास्ताविक

प्राणिशास्त्राच्या पदवी वर्गात सस्तन प्राण्यांचे प्रजनन शिकविताना फळ्यावर 'इस्ट्रस सायकल' हे शब्द लिहिले जातात, त्यांच्या चार अवस्था सांगितल्या जातात आणि विद्यार्थी त्या पाठ करतात. त्याच वर्गात बसलेल्या शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याला 'गाय माजावर आली' म्हणजे काय, हे लहानपणापासून ठाऊक असते. तथापि फळ्यावरचा शब्द आणि गोठ्यातला शब्द एकाच गोष्टीचे वाचक आहेत, ही जाणीव त्याला अनेकदा करून दिली जात नाही. संज्ञा पाठ होते. तिचा अर्थ मात्र परका राहतो.

शास्त्रीय संज्ञा ही केवळ एक खूणचिठ्ठी असते, ती कोठून आली याला महत्त्व नाही, असे मत मांडले जाते. हे मत सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु काही संज्ञा आपल्याबरोबर जुन्या कल्पनांचे ओझे वाहून आणतात आणि ते ओझे शास्त्राच्या विचारालाही वळण लावते. 'इस्ट्रस' ही अशा संज्ञांपैकी एक होय. तिचा इतिहास तपासल्यास एका उपमेपासून निरीक्षणापर्यंत आणि निरीक्षणापासून रेणूपर्यंत झालेला ज्ञानाचा प्रवास दिसतो. त्याचप्रमाणे दोन भिन्न घटनांना एकच मानल्यामुळे माणसांना किती काळ चुकीचा सल्ला मिळत राहिला, हेही कळते.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत : (१) 'इस्ट्रस' या शब्दाची व्युत्पत्ती व अर्थांतर स्पष्ट करणे, (२) त्याला शास्त्रीय संज्ञेचे स्थान कसे प्राप्त झाले याचा मागोवा घेणे, आणि (३) मराठी पर्यायांच्या योग्यायोग्यतेचा विचार करणे.

२. माशी, डंख आणि उन्माद

प्राचीन ग्रीक भाषेतील 'ओइस्ट्रोस' या शब्दाचा मूळ अर्थ गुरांना हैराण करणारी मोठी माशी असा आहे. मराठीत अशा माशीला आपण गोमाशी म्हणतो. ही माशी कळपात शिरली की गुरे शेपट्या उभारून सैरावैरा धावत सुटतात. पशुपालक समाजाला हे दृश्य चांगलेच परिचयाचे होते. होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्याच्या बाविसाव्या सर्गात ओडिसियसच्या घरात ठाण मांडून बसलेले पेनेलोपीचे प्रणयार्थी जिवाच्या भीतीने दालनभर पळू लागतात. वसंतात दिवस मोठे होऊ लागल्यावर माशीने पिसाळविलेल्या गुरांच्या कळपाची उपमा कवीने तेथे त्यांना दिली आहे.

या माशीची सर्वांत प्रसिद्ध कथा आयोची होय. आर्गोस येथील हेरा देवीची ही पुजारीण झ्यूस या देवाच्या दृष्टीस पडली आणि त्या प्रकरणात तिला कालवडीचे रूप प्राप्त झाले. मत्सरग्रस्त हेराने तिच्यामागे एक माशी लावली. त्या माशीच्या डंखांनी त्रस्त झालेली आयो देशोदेशी धावत राहिली आणि अखेर इजिप्तमध्ये तिला पुन्हा मनुष्यरूप मिळाले. युरोप व आशिया यांमधील बॉस्फरस या सामुद्रधुनीच्या नावाचा 'गाईचा उतार' असा अर्थ या कथेशी जोडला जातो. ईस्किलसच्या नावावर असलेल्या 'प्रॉमिथ्युस बाउंड' या नाटकात ही पिसाळलेली आयो रंगमंचावर येते. तेथे माशी आणि मनाचा उन्माद यांमधील सीमारेषा पुसट झालेली आहे. प्रेक्षकांना माशी दिसत नाही, माशीने केलेली अवस्था तेवढी दिसते.

येथूनच शब्दाचे अर्थांतर घडून आले. डंख करणारी माशी, मग डंख, मग डंखाने येणारा पिसाटपणा आणि शेवटी कोणत्याही अनावर वासनेचा उद्रेक, अशा क्रमाने 'ओइस्ट्रोस' विस्तारत गेला. प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या नवव्या भागात जुलमी वृत्तीच्या पुरुषाचे वर्णन करताना याच शब्दकुळातील क्रियापद येते. 'ओडिसी'तील प्रणयार्थीही पुरुषच आहेत. म्हणजे मूळ ग्रीक वापरात हा शब्द स्त्रीत्वाशी बांधलेला नव्हता. तो माणसाला लागू होई, पशूला लागू होई; नराला लागू होई, मादीलाही लागू होई. पुढे शास्त्राने तो केवळ मादीपुरता राखून ठेवला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

लॅटिनमध्ये हा शब्द 'इस्ट्रस' या रूपाने आला. व्हर्जिल या रोमन कवीने 'जॉर्जिक्स' या कृषिविषयक काव्याच्या तिसऱ्या भागात या माशीचा उल्लेख केला असून तिचे रोमन व ग्रीक अशी दोन्ही नावे सांगितली आहेत. तिच्यापासून गुरांना जपावे, असा उपदेश तो करतो. गंमत अशी, की हा उपदेश गाभण गुरांविषयी आहे. ज्या शब्दाने पुढे गाभण राहण्यापूर्वीची अवस्था दर्शविली जाणार होती, तो येथे गाभण गाईच्या शत्रूचे नाव म्हणून येतो.

इ. स. १७५८ मध्ये कार्ल लिनियसने प्राण्यांच्या वर्गीकरणात हेच नाव एका माशीच्या प्रजातीला बहाल केले. मेंढ्यांच्या नाकात अळ्या सोडणारी माशी आजही 'इस्ट्रस ओव्हिस' या नावाने ओळखली जाते. परंतु या माशीच्या प्रौढ अवस्थेत मुखांगे कार्यक्षम नसतात. ती चावत नाही की डंखही करीत नाही. अशा रीतीने डंखामुळे प्रसिद्धी पावलेले नाव डंख न करणाऱ्या माशीला मिळाले. शब्द आणि वस्तू यांचे नाते किती सैल असू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

३. हीपपूर्व काळ : अनेक शब्द, सैल अर्थ

मादीच्या समागमोत्सुक अवस्थेला नाव देण्याची गरज प्रत्येक पशुपालक समाजाला भासली. अ‍ॅरिस्टॉटलच्या प्राणिविषयक लेखनात घोडी, गाय आणि डुकरीण यांच्या या अवस्थेसाठी वेगवेगळी क्रियापदे आढळतात. ती त्या त्या जातीच्या नराच्या नावावरून घडलेली आहेत. इंग्रजीतील 'रट' हा शब्द डरकाळी या अर्थाच्या लॅटिन शब्दापर्यंत मागे जातो. इंग्रजीतील 'हीट', फ्रेंचमधील 'शालर' आणि हिंदीतील 'गरमी' या शब्दांमागे उष्णतेची कल्पना आहे, तर जर्मन 'ब्रून्स्ट' या शब्दाच्या मुळाशी जळणे आहे. आवाज, उष्णता, आग आणि डंख अशा बाह्य खुणांवरून वा उपमांवरून ही नावे पडली.

एकोणिसाव्या शतकातील प्राणिशास्त्रज्ञ यांपैकी कोणताही शब्द सोयीप्रमाणे वापरीत. कोणी 'हीट' म्हणताना संपूर्ण विणीचा हंगाम अभिप्रेत धरी, तर कोणी केवळ एक-दोन दिवसांचा काळ. कुत्रीला रक्तस्राव होतो तो काळ 'हीट'मध्ये धरावा की नाही, याविषयीही एकवाक्यता नव्हती. नर हरणाचा हंगाम आणि गाईची काही तासांची अवस्था यांना एकच नाव दिले जाई. शब्दांच्या या गोंधळामुळे दोन संशोधकांच्या निरीक्षणांची तुलना करणे अवघड होऊन बसले होते.

४. वॉल्टर हीप आणि १९०० सालचा निबंध

हा गोंधळ निस्तरण्याचे श्रेय वॉल्टर हीप (१८५५–१९२९) याला दिले जाते. १८९० मध्ये एका सशिणीचे भ्रूण दुसऱ्या सशिणीच्या शरीरात रोपण करून पिल्ले जन्माला घालण्याचा पहिला यशस्वी प्रयोग त्याने केला, म्हणून प्रजननशास्त्राच्या इतिहासात त्याचे नाव आधीच नोंदले गेले होते. त्यानंतर, १८९० च्या दशकाच्या आरंभी, माकडांच्या प्रजननाचा अभ्यास करण्यासाठी तो भारतात आला. आपल्याकडे सर्वत्र आढळणारे काळ्या तोंडाचे हनुमान लंगूर आणि ऱ्हीसस माकड हे त्याच्या अभ्यासाचे विषय होते. लंगुरांच्या मासिक स्रावावरील त्याचा निबंध १८९४ मध्ये आणि ऱ्हीसस माकडांवरील निबंध १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'मध्ये प्रसिद्ध झाला. या संज्ञेच्या घडणीमागे भारतीय माकडांवरील निरीक्षणेही उभी आहेत, हा दुवा आपल्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे.

१९०० मध्ये 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ मायक्रोस्कोपिकल सायन्स' या नियतकालिकात हीपने सस्तन प्राण्यांच्या प्रजनन हंगामावरील आपला विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. त्यात त्याने मादीच्या प्रजननकाळाचे टप्पे पाडले आणि प्रत्येकाला एकाच धातूपासून घडविलेले नाव दिले. विश्रांतीचा दीर्घ काळ तो 'अनइस्ट्रम'. शरीरात तयारी सुरू होते तो 'प्रोइस्ट्रम'. मादी नराचा स्वीकार करते तो 'इस्ट्रस'. गर्भधारणा न झाल्यास शरीर पूर्वस्थितीकडे परतते तो 'मेटइस्ट्रम'. आणि दोन आवर्तनांमधील अल्प विश्रांतीचा काळ तो 'डायइस्ट्रम'. कुत्रीसारख्या, हंगामात एकदाच या अवस्थेतून जाणाऱ्या माद्यांना त्याने 'मोनोइस्ट्रस', तर एका हंगामात हे आवर्तन अनेक वेळा होणाऱ्या माद्यांना 'पॉलिइस्ट्रस' असे विशेषण दिले. पुढे या नावांची अंत्यरूपे थोडीफार बदलली. रचना मात्र कायम राहिली.

हीपच्या कामगिरीचे मर्म नेमके कशात आहे? 'इस्ट्रस' हा शब्द त्याने निर्माण केला नाही. तो लॅटिनमध्ये होताच आणि प्राण्यांच्या कामोद्दीपनासाठीही त्याचा वापर झालेला होता. हीपने केले ते असे, की त्या शब्दातील उन्माद बाजूला सारून त्याला काळाचे माप दिले. मादी पिसाळली आहे काय, हा प्रश्न गौण ठरला आणि ती कोणत्या टप्प्यावर आहे, हा प्रश्न मुख्य ठरला. उपसर्ग जोडून टप्प्यांची मालिका उभी करता येणे, हा या ग्रीक-लॅटिन शब्दाचा व्यावहारिक गुण होता. 'हीट' किंवा 'रट' या शब्दांना तो नव्हता. १९१० मध्ये एफ. एच. ए. मार्शल यांचा 'द फिजिऑलॉजी ऑफ रिप्रॉडक्शन' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच्याद्वारे ही परिभाषा सर्वत्र रूढ झाली.

हीपच्या विचाराची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. १९१३ मध्ये त्याने 'सेक्स अँटॅगोनिझम' हे पुस्तक लिहिले आणि इंग्लंडमध्ये तेव्हा ऐन भरात असलेल्या स्त्री-मताधिकाराच्या चळवळीकडे जीवशास्त्राच्या आधारे प्रतिकूल दृष्टीने पाहिले. संज्ञेतील उन्माद ज्याने निरीक्षणाच्या शिस्तीने दूर केला, त्यालाच समाजातील स्त्रियांच्या मागणीकडे पाहताना ती शिस्त पाळता आली नाही. संज्ञा शुद्ध केली म्हणजे संज्ञाकाराची दृष्टीही शुद्ध होतेच असे नाही.

५. माज आणि मासिक पाळी : एका साम्याचा प्रमाद

हीपच्या १९०० सालच्या निबंधाच्या शीर्षकातच 'प्रोइस्ट्रम'चा मासिक पाळीशी असलेल्या संबंधाचा निर्देश आहे. हा प्रश्न त्याच्याही आधीचा होता. १८४० च्या दशकात जर्मनीत बिशॉफने आणि फ्रान्समध्ये पूशे याने असे प्रतिपादन केले, की सस्तन प्राण्यांत अंडमोचन समागमावर अवलंबून नसून ते माजाच्या काळात आपोआप होते. कुत्रीसारख्या प्राण्यांच्या बाबतीत हे खरे होते. परंतु त्यापुढचे अनुमान फसवे होते. माजाच्या सुमारास कुत्रीला रक्तस्राव होतो. स्त्रीलाही दरमहा रक्तस्राव होतो. म्हणून मासिक पाळी हाच स्त्रीचा माज आणि अंडमोचन पाळीच्याच सुमारास होत असले पाहिजे, असे ते अनुमान होते.

आज आपल्याला ज्ञात आहे, की हे दोन रक्तस्राव वेगळ्या कारणांनी होतात. कुत्रीचा स्राव अंडमोचनापूर्वी, इस्ट्रोजेनच्या वाढत्या प्रभावाखाली गर्भाशयातील रक्तवाहिन्या भरून आल्यामुळे होतो. स्त्रीचा मासिक स्राव अंडमोचनानंतर सुमारे दोन आठवड्यांनी, प्रोजेस्टेरोनचा आधार निघून गेल्यामुळे गर्भाशयाचे अस्तर गळून पडून होतो. पहिला स्राव हा येणाऱ्या काळाची चाहूल असतो, तर दुसरा गेलेल्या काळाचा शेवट असतो. वरवर सारख्या दिसणाऱ्या या घटना आवर्तनाच्या जवळजवळ विरुद्ध टोकांना आहेत.

या गल्लतीचे परिणाम पुस्तकांपुरते मर्यादित राहिले नाहीत. पाळीच्या आसपासचे दिवस गर्भधारणेस अनुकूल आणि दोन पाळ्यांमधले दिवस सुरक्षित, असा सल्ला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतील वैद्यकीय लेखनात सर्रास दिला जाई. वस्तुस्थिती याच्या जवळजवळ उलट होती. ज्यांना मूल नको होते त्यांना नेमके फलनक्षम दिवस सुचविले गेले आणि ज्यांना हवे होते त्यांना त्या दिवसांपासून दूर ठेवले गेले. जपानमधील क्युसाकु ओगिनो याने १९२४ मध्ये अंडमोचन पुढील पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी होते, असे दाखवून दिले. त्यानंतर थोड्याच वर्षांत ऑस्ट्रियातील हर्मान क्नाउस स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षापर्यंत पोहोचला. तोवर सुमारे ८० वर्षे हा प्रमाद टिकून राहिला होता. त्याला केवळ शब्द कारणीभूत होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. मानवी अंडमोचन प्रत्यक्ष पाहण्याची साधने नव्हती, हे मुख्य कारण होय. तथापि दोन गोष्टींना एक नाव दिल्यावर त्या वेगळ्या असू शकतील ही शंकाच मनात येत नाही, हेही तितकेच खरे आहे.

६. शब्दाकडून रेणूकडे

माजाची अवस्था कशामुळे उत्पन्न होते, हा पुढचा प्रश्न होता. १९०५ मध्ये मार्शल व जॉली यांनी कुत्रींवरील प्रयोगांतून असे सुचविले, की अंडाशयातून स्रवणारे एखादे द्रव्य या अवस्थेला कारणीभूत असावे. त्याच वर्षी अर्नेस्ट स्टार्लिंगने 'हॉर्मोन' हा शब्द प्रचारात आणला. त्याचे मूळही चेतविणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदात आहे.

अडचण अशी होती, की प्रयोगशाळेतील लहान प्राण्यांत माज बाहेरून ओळखता येत नसे. १९१७ मध्ये न्यूयॉर्क येथे स्टोकार्ड आणि पापानिकोलाउ यांनी गिनीपिगच्या योनिमार्गातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आवर्तनाचा टप्पा सांगता येतो, हे सिद्ध केले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी आज वापरली जाणारी 'पॅप' चाचणी याच पापानिकोलाउच्या नावाने ओळखली जाते आणि तिचे मूळ या माजपरीक्षेत आहे. १९२२ मध्ये लाँग आणि इव्हान्स यांनी उंदराच्या कुळातील रॅट या प्राण्याचे चार ते पाच दिवसांचे आवर्तन तपशीलवार नोंदविले.

या परीक्षेचा आधार घेऊन १९२३ मध्ये अमेरिकेत एडगर अ‍ॅलन आणि एडवर्ड डॉइझी यांनी डुकरिणीच्या अंडपुटकांतील द्रव अंडाशये काढून टाकलेल्या माद्यांना टोचला आणि त्यांच्या शरीरात माजाची लक्षणे उत्पन्न केली. १९२७ मध्ये अश्हाइम व झोंडेक यांना गर्भवती स्त्रियांच्या मूत्रात हे द्रव्य विपुल आढळले. १९२९ मध्ये डॉइझीने अमेरिकेत आणि आडोल्फ ब्यूटेनांट याने जर्मनीत स्वतंत्रपणे ते स्फटिकरूपात वेगळे केले. या काळात त्याला 'थीलिन', 'प्रोजिनॉन', 'फॉलिक्युलिन', 'इस्ट्रिन' अशी अनेक नावे होती. त्यांपैकी कोणी स्त्रीत्वावर, कोणी अंडपुटकावर, तर कोणी माजावर बोट ठेवी. अखेर माज उत्पन्न करणारे ते 'इस्ट्रोजेन', हे कुलनाम टिकले आणि इस्ट्रोन, इस्ट्राडायॉल, इस्ट्रायॉल ही तीन प्रमुख रूपे त्याच धातूवरून ओळखली जाऊ लागली.

हे नाव प्रायोगिक परीक्षेवरून पडले होते. उंदरीत माज आणते ते द्रव्य, एवढाच त्याचा अर्थ होता. परंतु मनुष्यस्त्रीला माजाचा सीमित काळ नसतो, आणि हे संप्रेरक केवळ स्त्रीचेही नसते. १९३४ मध्ये झोंडेकने वळूघोड्याच्या मूत्रात इस्ट्रोजेनचे प्रचंड प्रमाण असल्याचे दाखविले, तेव्हा अनेकांना ते विरोधाभासात्मक वाटले. पुढे पुरुषांच्या हाडांच्या मजबुतीसाठीही इस्ट्रोजेन आवश्यक असल्याचे निष्पन्न झाले. नाव एका परीक्षेचे आणि कार्य सर्व शरीराचे, अशी ही विसंगती आहे.

इस्ट्रसच्या व्याख्येतही बदल होत गेला. हीपच्या व्याख्येत मादी 'स्वीकार करणारी' होती. १९७६ मध्ये फ्रँक बीच या प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने मादीच्या लैंगिक वर्तनाचे तीन घटक वेगळे केले : नराला आकृष्ट करण्याची क्षमता, स्वतः पुढाकार घेणे आणि समागमास संमती देणे. त्यामुळे मादी ही केवळ डंख झालेली वा वाट पाहणारी नसून निवड करणारी आहे, या विचाराला शास्त्रीय चौकट लाभली.

७. 'माज', 'मद' आणि 'ऋतू'

आता मराठी पर्यायांचा विचार करू. 'माज' या शब्दाचे मूळ संस्कृत 'मद्' या धातूत आहे. 'माद्यति' या रूपापासून प्राकृत 'मज्जइ' आणि त्यापासून मराठी 'माजणे', असा हा क्रम आहे. 'अद्य'चे 'अज्ज' व 'आज', 'विद्युत्'चे 'विज्जु' व 'वीज', या परिवर्तनांशी तो जुळतो. माजणे म्हणजे धुंद होणे. 'त्याला पैशाचा माज आला' आणि 'गाय माजावर आली' या दोन्ही वाक्यांत हा धुंदीचा अर्थ आहे. ग्रीक शब्दाप्रमाणेच येथेही भान हरपण्याची कल्पना दिसते. मात्र ग्रीक कल्पनेत कारण बाहेरचे आहे, ती माशी आहे. आपल्याकडे ते आतले आहे, तो शरीरात चढणारा मद आहे. संप्रेरकांच्या शोधानंतर पाहता मराठी शब्द वस्तुस्थितीच्या अधिक जवळचा वाटतो. अर्थात आपल्या पूर्वजांना संप्रेरके ज्ञात होती, असा निष्कर्ष यातून काढणे हास्यास्पद ठरेल. उपमा जवळची निघाली, इतकेच.

गोठ्यातील परिभाषा या बाबतीत समृद्ध आहे. बाह्य लक्षणे न दाखविणारा तो 'मुका माज'. उन्हाळ्यात म्हशींमध्ये तो विशेषत्वाने आढळतो. फळविलेली गाय पुन्हा माजावर आली तर ती 'उलटली' असे म्हणतात. यामागे पक्के निरीक्षण आहे. गाईचे आवर्तन सरासरी २१ दिवसांचे, माजाचा काळ सुमारे १२ ते १८ तासांचा आणि अंडमोचन माज ओसरल्यावर सुमारे १० ते १२ तासांनी होते. म्हणूनच सकाळी माज दिसल्यास संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, असा नियम सांगितला जातो. त्याला ट्रिंबर्गर यांच्या १९४८ मधील संशोधनाचा आधार आहे. उरुळीकांचन येथे १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी स्थापिलेल्या 'बाएफ' या संस्थेने कृत्रिम रेतनाची सेवा शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेली, तिचे यशही अखेर शेतकऱ्याने माज वेळेवर ओळखण्यावरच अवलंबून होते. एक माज हुकला की २१ दिवस वाया जातात. तेवढ्या दिवसांचा चारा खर्ची पडतो आणि वासरू व दूध दोन्ही लांबणीवर पडतात. अल्पभूधारकाच्या घरात हा हिशोब लहान नसतो.

शास्त्रीय मराठीत 'इस्ट्रस सायकल'साठी 'मदचक्र', 'माजचक्र' आणि 'ऋतुचक्र' असे तीन पर्याय वापरात आढळतात. इस्ट्रोजेनसाठी 'स्त्रीमदजन' असा शब्दही घडविला गेला. यांपैकी 'ऋतुचक्र' हा पर्याय दोन कारणांनी गैरसोयीचा आहे. एक म्हणजे सर्वसामान्य वाचकाच्या मनात तो निसर्गातील ऋतूंच्या फेऱ्याशी निगडित आहे. दुर्गा भागवतांच्या त्याच नावाच्या पुस्तकाने तो अर्थ दृढ केला आहे. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. 'ऋतू' हा शब्द परंपरेने स्त्रीच्या संदर्भात वापरला जातो. सुश्रुतसंहितेत ऋतुकाल बारा रात्रींचा सांगितला आहे, तर मनुस्मृतीत सोळा रात्रींचा. त्या ग्रंथांत स्राव आणि गर्भधारणेचा काळ यांची एकरूपता मानलेली नाही, हे लक्षणीय आहे. मात्र त्याच मनुस्मृतीत सम रात्री पुत्र व विषम रात्री कन्या अशी समजूतही आहे, तेव्हा त्या विधानांना आधुनिक शरीरक्रियाशास्त्राचा दर्जा देता येत नाही. 'ऋतुचक्र' हा एकच शब्द गाईलाही आणि स्त्रीलाही लावल्यास एकोणिसाव्या शतकातील जुनी गल्लत मराठी पाठ्यपुस्तकात पुन्हा अवतरते.

'स्त्रीमदजन' या शब्दाबाबतही विचार व्हावा. मूळ नावाचे ते प्रामाणिक रूपांतर आहे. पण 'मद' आणि 'स्त्री' ही जोडी रजोनिवृत्तीच्या वा हाडांच्या आजाराच्या संदर्भात वाचणाऱ्या रुग्णेला अकारण खटकते. 'इस्ट्रोजेन' हा शब्द आता दवाखान्यातून घराघरात पोहोचला आहे. तो तसाच स्वीकारणे अधिक श्रेयस्कर होय.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात :

(१) 'इस्ट्रस' हा शब्द माशी, डंख, उन्माद आणि कामवासना अशा क्रमाने अर्थविस्तार पावला. मूळ वापरात तो स्त्रीलिंगी अनुभवापुरता मर्यादित नव्हता.

(२) वॉल्टर हीपने १९०० मध्ये त्याला कालदर्शक अर्थ दिला आणि उपसर्गांच्या साहाय्याने टप्प्यांची सुसंगत परिभाषा उभारली. त्यामागे भारतीय माकडांवरील निरीक्षणांचाही वाटा होता.

(३) माज आणि मासिक पाळी यांना एक मानल्याने सुमारे ८० वर्षे चुकीचा वैद्यकीय सल्ला प्रचलित राहिला. परिभाषेतील संदिग्धतेची किंमत समाजाला मोजावी लागते.

(४) मराठीत प्राण्यांसाठी 'माज' व 'माजचक्र', आणि स्त्रिया व मासिक स्राव होणारी माकडे यांच्यासाठी 'मासिक पाळीचे चक्र' अशी स्पष्ट विभागणी करणे इष्ट आहे. 'ऋतुचक्र' हा शब्द दोन्हींसाठी वापरणे टाळावे.

'माज' हा शब्द ग्राम्य आहे, म्हणून तो वर्गात उच्चारण्यास काही अध्यापक संकोचतात. परंतु ज्या शब्दामागे पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण आहे आणि ज्याच्या अचूक ओळखीवर शेतकऱ्याचे उत्पन्न अवलंबून आहे, तो शब्द अशास्त्रीय कसा म्हणावा? फळ्यावर 'इस्ट्रस' लिहिल्यावर त्याशेजारी 'माज' हाही शब्द लिहावा. मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला तेव्हा कळेल, की ही संज्ञा त्याला जन्मापासून येत होती.